एक खुंटी आणि दोन गिटारी

टेस्टर अॅम्प्लिफायरच्या पत्र्याला लावला आणि त्यातला दिवा पेटला. पेटायला नको होता. पत्र्यात करंट उतरला होता, आणि त्याच अॅम्प्लिफायरची वायर स्टेजवर शकीलच्या गिटारीत गेली होती. शकील डोळे मिटून वाजवत होता.

जालन्यात तीस वर्षं मी साउंड सिस्टीम भाड्याने दिली. लग्नं, भाषणं, कव्वाल्या, सगळं केलं. पण त्या दिवसाइतका मी कधी घाबरलो नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. तीर्थपुरीजवळ एका बियाणे कंपनीचा शेतकरी मेळावा होता. कंपनीचे देशमुख साहेब म्हणाले, ऑर्केस्ट्रा नको, काहीतरी वेगळं आणा. मी शकील आणि विनायकला नेलं. शकील एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्ये फिटर, विनायक बदनापूरला क्लार्क. दोघं कॅसेटी ऐकून शिकलेले. विनायकच्या गिटारीला नायलॉनच्या तारा. तो नखांनी तारा खरवडत, लाकडावर थापा मारत स्पेनकडचं फ्लेमेंको वाजवायचा. शकीलच्या तारा पोलादी. हेवी मेटलची सगळी दणादण तो साध्या गिटारीवर काढायचा. मधेच जॅझ, मधेच लॅटिन नाचाचा ठेका. मला त्यातलं निम्मं कळायचं नाही, तरी काम सोडून ऐकत बसायचो.

"जनरेटर नको काका," विनायकने आधीच बजावलं होतं. "त्याच्या धडधडीत आमचं काहीच ऐकू येणार न्हाई."

म्हणून लाइट शेजारच्या विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीतून घेतली. तिथे तिन्ही फेज असतात, पण न्यूट्रल, म्हणजे करंट परत जायची वायर, नसते. मग आमच्याकडे सर्रास करतात तेच मी केलं. एक फेज घेतला, आणि न्यूट्रलच्या जागी जमिनीत लोखंडी खुंटी ठोकून तिच्यावर बादलीभर पाणी ओतलं. ओल असेपर्यंत करंट जमिनीतून परत जातो. बल्ब लख्ख लागले.

शकीलने गिटार जोडली तसा 'हम' सुरू झाला. हम म्हणजे स्पीकरमधून येणारा घूंऽऽ असा आवाज. तो घालवायला अॅम्प्लिफायरचा पत्रा जमिनीला जोडतात. त्याला वेगळी खुंटी लागते. पण एप्रिलातली काळी जमीन, पहिली खुंटीच कशीबशी आत गेली होती, दुसरीला घण मारला तरी दाद देईना. मी कंटाळा केला आणि पत्रा त्याच खुंटीला जोडून टाकला. हम गेला. देशमुख साहेब "वा!" म्हणाले, आणि मीही फुशारलो.

पुढे दोन तास भाषणं चालली. ऊन तापलं, खुंटीची ओल वाळली. गिटारी सुरू झाल्या आणि तिसऱ्या गाण्याला बल्ब मंद झाले, म्हणून मी टेस्टर लावला, तेव्हा कुठे माझं डोकं चाललं. करंटला परत जायला वाट उरली नव्हती. तो पत्र्यात शिरला होता, आणि पत्र्यातून शकीलच्या तारांत.

शकील जिवंत होता तो बुटांमुळे. ड्यूटी करून तसाच आलेला, पायात मिलचे जाड रबरी तळव्यांचे सेफ्टी शूज. विनायक मात्र अनवाणी. आणि स्टेज म्हणजे शेजारी-शेजारी लावलेल्या ट्रॅक्टरच्या दोन लोखंडी ट्रॉल्या, पुढचे दांडे जमिनीला टेकलेले. शेवटच्या आयटमला विनायक आपली गिटार खाली ठेवून शकीलच्या गिटारीवर हात टाकायचा. एक गिटार, चार हात. लोक त्यालाच सगळ्यात जास्त टाळ्या द्यायचे. आता तोच आयटम होता.

पाणी ओतायला धावलो. पिंप रिकामं. तसाच देशमुख साहेबांकडे गेलो.

"साहेब, दोन मिनिटं लाइट बंद करावी लागंल."

"का?"

माझी चूक झाली, हे तोंडातून निघेना. "व्होल्टेज कमी आहे," मी म्हणालो.

"मंग चालू द्या ना! मोठे साहेब समोर बसून राह्यलेत. एकच तर गाणं उरलंय."

मी टेबलाशी परत आलो. मेन पिन माझ्या पायाशीच होती. ओढली तर कार्यक्रम बंद, धंद्याची अब्रू गेली. वर विनायकने गिटार खाली ठेवली. शकीलकडे वळला. हात पुढे केला. मी पिन ओढली.

पंखे थांबले, स्पीकर मेला. देशमुख साहेब ओरडत आले. वर ते दोघं मात्र थांबलेच नाहीत. विनायकचा हात पोलादी तारांवर पडला आणि चार हात वाजवत राहिले. आवाज पहिल्या दोन रांगांच्या पुढे गेला नसेल. मी खाली बसलो.

"काय तमाशा आहे हा?" साहेब म्हणाले.

"तारांत करंट उतरला होता साहेब. चूक माझीच. मघाशी खोटं बोललो."

त्यांच्या कंपनीने मला पुन्हा बोलावलं नाही. बरोबरच केलं.

वायरी गुंडाळताना शकील बोटं चोळत आला. "काका, दुसऱ्या गाण्यापासून बोटांत मुंग्या येऊन राह्यल्या होत्या. मला वाटलं, एवढ्या पब्लिकचा डर लागून राह्यला. म्हणून बोललो न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी गाडीत दोन खुंट्या आणि आधीपेक्षा जड घण टाकला. तेव्हापासून स्टेजवर कुणी कलाकार म्हणाला की जरा भीती वाटतेय, तर धीर देण्याआधी मी टेस्टर काढतो.