आखाला टोरीचं तेल

हे आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही. बायको गेली, तिलाही नाही. सांगायला बसलो की मी गिअरबॉक्सवर बोलायला लागतो, तेलांच्या जाडीवर बोलायला लागतो — आणि मूळ गोष्ट राहून जाते. आजही तसंच होईल का? बघू.

स्वातंत्र्य मिळून सहा-सात वर्षं झाली होती. गोंदियात माझं गॅरेज होतं, सगळे मला मिस्त्री म्हणत. तिशीतला होतो, पण ऐट पन्नाशीच्या उस्तादाची. एका राईस मिलवाल्या शेठकडे लढाईतली, लिलावात घेतलेली जीप होती. तिचा पुढचा अ‍ॅक्सल खड्ड्यात मोडला. मी जबलपूरहून दुसरा जुना अ‍ॅक्सल आणवला, स्वतः चढवला, दोरी धरून दोन्ही चाकं सरळ केली. ते काम चोख होतं, हे आजही छाती ठोकून सांगतो — पण तुम्हाला ते कशाला सांगतोय मी?

तेल राहिलं होतं. अ‍ॅक्सलच्या मधोमध लोखंडी गोळा असतो, डिफरन्शियल. त्यातल्या दात्यांना जाड गिअर तेल लागतं. गिअरबॉक्स भरता भरताच माझा डबा संपला. नवा नागपूरहून दोन दिवसांनी येणार होता, आणि शेठला दुसऱ्याच सकाळी तिरोड्याकडे जायचं होतं. थांबा म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? काही नाही. पण शेठ चार लोकांत म्हणाले होते, "ये मिस्त्री के हाथ में जादू है." ती जादू मला टिकवायची होती.

आमच्याकडे अ‍ॅक्सललाही आखच म्हणत, बंडीच्या, म्हणजे बैलगाडीच्या, आखासारखा. आणि बंडीच्या आखाला आमच्या घरी टोरीचं तेल घालत — मोहाच्या बियांचं. पौषाचे दिवस होते. थंडीत ते तेल तुपासारखं थिजतं. मनात आलं, आख तो आखच. घरून डबा आणला, त्यात इंजिनाचं जळकं काळं तेल कालवलं — दिसायला हुबेहूब गिअर तेल. कालवलं कशाला, नुसतंच चालणार होतं तर? म्हणजे मला माहीत होतं, नाही का?

जीपचे ड्रायव्हर लक्ष्मणभाऊ माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे. त्यांनी विचारलं, "काऊन येवढी घाई करून राहिले, मिस्त्री? तेल बराबर हाय ना?"

"गाडी तुमी चालवा जी, तेल मी पाहून राहिलो ना," मी म्हणालो.

चोरखमारा गावाच्या अलीकडे पुढची चाकं धावता धावता जाम झाली आणि जीप धानाच्या बांधीत, रस्त्याकडेच्या भातखाचरात, उलटली. शेठचा पाय मोडला, ते जन्मभर लंगडत राहिले. लक्ष्मणभाऊंना खरचटलंही नाही. लोकांना तेच खुपलं.

मला बिघाड पाहायला नेलं. मी गोळा उघडला. तेल तापून पाण्यासारखं पातळ झालं होतं, जुन्या सीलांतून वाहून गेलं होतं. दाते निळे पडून एकमेकांत अडकले होते. आणि वास — करपलेल्या टोरीचा. भोवती माणसं होती, पण मोटारीत टोरी हुंगणार कोण? रॉकेलच्या चिंधीनं मी सगळं पुसून काढलं. मग म्हणालो — हेच ते, हेच सांगायचं होतं — म्हणालो, "लक्ष्मणभाऊनं फ्रंटचा दांडा काहाडलाच नोहता."

चिखलात पुढच्या चाकांना जोर द्यायला जीपमध्ये एक छोटा दांडा असतो. कोरड्या रस्त्यावर तो काढायचा, म्हणजे सारून पुढच्या चाकांचा जोर तोडायचा, नाहीतर पुढच्या दात्यांवर ताण येतो. कुणालाही पटेल असंच खोटं मी निवडलं होतं.

"म्या काहाडला होता जी! याच हातानं काहाडला!" लक्ष्मणभाऊ ओरडत होते, मला शिव्या देत होते. मिस्त्रीपुढे ड्रायव्हरचं कोण ऐकणार? त्यांना पुन्हा कुणी गाडी दिली नाही. शेठच्याच मिलमध्ये ते भुसा भरायला लागले. गॅरेजवरून जाताना तोंड फिरवत. मला ते बरंच वाटायचं.

पाच-सहा वर्षांनी उन्हाळ्यातल्या एका दुपारी ते आपणहून आत आले. खूप वाळले होते, खोकत होते. म्हणाले, "मिस्त्री, म्या लय इचार केला. दांडा काहाडल्याचं आठवते मले, पण तुमी कायले खोटं बोलान? मीच इसरलो असन. तवा लय बोललो तुमाले, मनात नोका ठेवू."

गॅरेजात आम्ही दोघेच होतो. खरं बोलायला याहून सोपी वेळ कुठली मिळते माणसाला? मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "जाऊ द्या जी, लक्ष्मणभाऊ. मी तं कवाच इसरलो."

म्हणजे मी त्यांना माफ केलं. त्यांनी मला हात जोडले. त्याच उन्हाळ्यात ते गेले — शेठचा पाय आपणच मोडला, असं समजून.