बापाचं गाव न विचारणाऱ्या शैलाताई

शैलाताई पेडणेकर गेल्याचं मला इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून कळलं. दुपारी प्लांटमधून बाहेर येऊन लॉकरमधला फोन उघडला, तर जोडलेल्या हातांची रांग लागलेली, आणि सगळ्यांत वर अध्यक्षांचा संदेश : ‘सर्वांना सामावून घेणारं प्रेमळ व्यक्तिमत्त्व हरपलं.’ सकाळी घरीच छातीत कळ आली, इस्पितळात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं, हे त्यांच्या यजमानांनी, विश्वासकाकांनी, मला नंतर फोनवर सांगितलं. ताईंचं जाणं तोवर मनात उतरलंच नव्हतं. त्या संदेशाची मात्र शिसारी आली होती. कारण कोणाला सामावून घ्यायचं नाही याचा ठराव दोन वर्षांपूर्वी याच गृहस्थांनी आणला होता, आणि तो पडावा म्हणून शैलाताईंनी कुवेतमधल्या मराठी घरांचे उंबरे झिजवले होते.

ताई मूळच्या वेंगुर्ल्याच्या. काकांच्या नोकरीमुळे इथे आल्या आणि साल्मियातल्या फ्लॅटच्या हॉलमध्ये दर शुक्रवारी मुलांना मराठी शिकवू लागल्या. आमची इरा तिथेच शिकली. इथली मुलं मराठीत विचारलेल्याला इंग्रजीत उत्तर देतात. ताई ते ऐकायच्याच नाहीत. ‘‘ताई, कॅन आय गो?’’ असं कोणी म्हटलं की खिडकीबाहेर बघत म्हणायच्या, ‘‘कोण बोललां? माका काय ऐकाकच येणा नाय.’’ मग ते पोर तंगड्या आवळत ‘मी जाऊ का’ म्हणेपर्यंत सुटका नसे! 

या वर्गात रीम यायची. तिची आई सुजाता चिपळूणची, एका दंतचिकित्सालयात नर्स. वडील आयमन इजिप्तचे, दस्मानमधल्या एका कचेरीत हिशेबनीस. रीमचा जन्म कुवेतचा. बापाशी अरबी, शाळेत इंग्रजी आणि आईशी, चिपळूणच्या आजीशी फोनवर मराठी. तेही असं हेल काढून की ऐकणाऱ्याने डोळे मिटावेत आणि वाशिष्ठीकाठी पोचावं. वार्षिक कार्यक्रमातल्या बालनाटकात ताईंनी तिला मुख्य भूमिका दिली. तालीम सुरू झाली, आणि कार्यकारिणीतल्या एका बाईंच्या मुलीला दासीचं काम मिळालं आहे हे त्या बाईंना समजलं.

त्यानंतर एकाएकी मंडळाला मराठी कोणाला म्हणायचं हा प्रश्न पडला. वडील मराठी असतील तरच मुलांना सभासदत्व, आणि सभासद नसलेल्या मुलांना रंगमंचावर प्रवेश नाही, अशी घटनादुरुस्ती पुढे आली. अध्यक्षांनी तिला नाव दिलं ‘सार्वमत’. केवढा भारदस्त शब्द, आणि निशाण्यावर एक दहा-अकरा वर्षांची पोर...

ताईंना गाडी येत नव्हती. संध्याकाळी ड्यूटी संपली की मी त्यांना घेऊन निघायचो. एगैलात पुण्याचे एक इंजिनिअर राहतात. त्यांच्याकडचा प्रसंग मी विसरू म्हणता विसरू शकत नाही. आम्ही बसलो न बसलो तोच त्यांनी नेहमीचं गाऱ्हाणं सुरू केलं. अर्धं आयुष्य या वाळवंटात राबलो, मुलगी इथे जन्मली, तरी तीसुद्धा इकाम्यावरच, राहण्याच्या तात्पुरत्या परवान्यावर; उद्या माझी नोकरी गेली की सगळ्यांनी बॅगा भरायच्या, या लोकांना माणुसकी म्हणून नाही. ताईंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, ‘‘आणि मुलाचं काय? तो कॅनडात असतो ना?’’

गृहस्थ खुलले. ‘‘त्याचं काम झालं! आम्ही तिकडे होतो तेव्हा जन्मला, त्यामुळे नागरिकत्व आपोआप मिळालं.’’

‘‘तिथं विचारलं का कोणी, बापाचं गाव कुठलं म्हणून?’’

‘‘ताई, तो कायद्याचा विषय झाला. हे आपलं घर आहे. आज ही मुलगी, उद्या तिचा बाप येऊन गणपतीसमोर नमाज पढेल.’’

ताई उठल्या. समोरच्या बशीतल्या चकलीला त्यांनी हात लावला नव्हता. लिफ्टमध्ये शिरल्यावर म्हणाल्या, ‘‘मिलिंद, किळस आली रे. त्याच्या घरचं पाणी प्यायले, तेही आता पोटात राहील असं वाटत नाही.’’ पुढच्या घरी तर एका बाईंनी दारातच ताईंचा हात धरला आणि कुजबुजल्या, ‘‘तुमचं पटतं हो मला, पण कुटुंबाला मत एकच, आणि ते हेच देतात.’’ आतून टीव्हीचा आवाज येत होता. नवरा उठूनसुद्धा आला नाही.

मतदानाच्या दिवशी एका शाळेच्या सभागृहात सगळे जमले. सुजाता स्वतःच्या नावावर सभासद होती, तेव्हा तिला मत होतं. तर एकाने उभं राहून हरकत घेतली : जिच्या मुलीचा प्रश्न आहे तिने मत देणं नीतीला धरून नाही! हे बोलताना त्याची जीभ अडखळली नाही. दासीवाल्या बाई पहिल्या रांगेत बसून मान डोलावत होत्या. त्यांच्या मताबद्दल कोणालाच काही वाटलं नाही. सुजाताचा हात खाली गेला. ठराव मंजूर झाला आणि मागून कोणीतरी टाळ्या वाजवल्या. ताईंचा तोल गेला तो त्या टाळ्यांनी. ‘‘मेल्यांनू, लाज कशी वाटणा नाय तुमका?’’ त्या भर सभेत ओरडल्या. काही जण हसले. मालवणी ऐकली की लोकांना विनोदच वाटतो.

रीम बाहेर व्हरांड्यात थांबली होती. रडतबिडत नव्हती. ताईंना बघून तिने एवढंच विचारलं, ‘‘मग माझे संवाद कोण म्हणणार?’’

‘‘तूच,’’ ताई म्हणाल्या.

त्यांनी नाटक मंडळातून काढून घेतलं, सभासदत्व सोडलं आणि पुढच्या शुक्रवारी प्रयोग आपल्या हॉलमध्ये लावला. निम्म्या मुलांना आईबापांनी पाठवलंच नाही, म्हणून दासी, प्रधान आणि शिपाई तिन्ही आमच्या इराने केले. आयमनने विश्वासकाकांबरोबर सोफा उचलून पॅसेजमध्ये ठेवला आणि जमिनीवर मांडी घालून पुढेच बसला. एक शब्द कळत नव्हता बिचाऱ्याला. इतर हसले की क्षणभर मागे राहून तोही मोठ्यांदा हसायचा. ताई त्या दिवशी फार आनंदात होत्या. पण सगळे गेल्यावर सोफा जागेवर आणताना मला म्हणाल्या, ‘‘हरलो रे आपण. हे घरातलं नाटक म्हणजे हरल्यावरची समजूत.’’ त्यांना स्वतःला फसवणं जमत नसे...

विश्वासकाका अस्थी वेंगुर्ल्याच्या समुद्रात सोडून परतले, आणि मंडळाने शोकसभा ठेवली. मी जाणार नव्हतो. काकांनी बोलावलं म्हणून इराला घेऊन गेलो. मंचावर ताईंचा हार घातलेला फोटो, शेजारी काका. ज्यांच्या दारांवरून आम्ही हात हलवत परतलो होतो, ते एकेक जण माईकवर येऊन ताईंच्या मायेबद्दल बोलत होते. एगैलाचे इंजिनिअर तर गहिवरले. त्यांनी ताईंना ‘आमची माउली’ म्हटलं, आणि मला समोरच्या खुर्चीची पाठ घट्ट धरून बसावं लागलं.

मागे सुजाता, आयमन आणि रीम उभे होते. रीम आता चांगली उंच झाली आहे. ती पुढे जाऊन चिटणिसांना म्हणाली, ‘‘मला ताईंबद्दल बोलायचंय.’’ चिटणीस तिच्याकडे न बघता म्हणाले, ‘‘बाळा, वेळ कमी आहे. सभासदांनाच बोलता येईल.’’

हे काकांच्या कानावर गेलं. आयुष्यभर ताईंच्या मागे उभं राहून मंद हसणारा हा माणूस उठला, त्याने स्टँडवरून फोटो उचलला, काखेत धरला आणि मंचाच्या पायऱ्या उतरू लागला. अध्यक्ष धावले. ‘‘काका, अहो, सभा चालू आहे...’’

‘‘चालू द्या की,’’ काका म्हणाले. ‘‘हिला बाहेर काम आहे.’’

बाहेर पार्किंगमध्ये ऊन मी म्हणत होतं. काकांनी फोटो माझ्या गाडीच्या बॉनेटला टेकवून उभा केला. सुजाता, आयमन, इरा, मी आणि आतून पाठोपाठ आलेली तीन-चार माणसं, एवढीच सभा. त्यांत ती दारात कुजबुजलेली बाईही होती. एकटीच आली होती. रीमने ओढणीने तोंड पुसलं आणि बोलायला सुरुवात केली. ‘ळ’ शिकवायला ताईंनी आपल्याला आरशासमोर कसं बसवलं, जीभ कुठे लागते ते स्वतःचं तोंड उघडून कसं दाखवलं, हे ती सांगत होती. तेवढ्यात आतल्या माईकवरून अध्यक्षांचा आवाज आला : दिवंगत आत्म्यास श्रद्धांजली वाहण्यासाठी सर्वांनी उभं राहावं, दोन मिनिटं शांतता पाळावी. आत खुर्च्या सरकल्या. रीम गप्प झाली, गोंधळून काकांकडे बघू लागली.

‘‘त्यांचं त्यांना पाळू दे,’’ काका म्हणाले. ‘‘तू बोल गो.’’