नानांचं डावं अक्षर

माझ्या बापाचं अक्षर शेवटच्या दोन वर्षांत भयंकर होतं.

मला त्या अक्षराचा जेवढा अभिमान आहे तेवढा माझ्या डिग्रीचा नाही.

ज्यांनी नानांना पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. नाना म्हणजे माझे वडील. पेंटर. रेवसच्या धक्क्याला लागणाऱ्या कितीतरी होड्यांवरची नावं त्यांच्या हातची.

खडू लावलेली दोरी ताणून फळीवर फटकन सोडायची. सरळ रेघ उमटली की मगच ब्रश उचलायचा. खांद्यावर कायम टर्पेंटाइनचं फडकं. वेलांटी जराशी हलली तरी पुसून परत.

फ्लेक्स आले, कामं गेली, पण फडकं काही खांद्यावरून उतरलं नाही.

मग एका सकाळी लकव्याने उजवी बाजू गेली. बोलणं वाचलं, हात गेला.

अलिबागच्या फिजिओथेरपीवाल्या मॅडम म्हणाल्या, "काका, डाव्या हाताने रोज चार ओळी लिहा. डायरी ठेवा. मनात येईल ते लिहा."

घरी आल्यावर नाना म्हणाले, "माझं वाकडं अक्षर कुनी बगितलं न्हाय आजवर. आता दाखवू?"

धक्क्यावर जाणं त्यांनी बंदच केलं होतं. खाडीतून होड्या जायच्या, प्रत्येकीवर त्यांचंच अक्षर. ते खाडीकडे पाठ करून बसायचे.

आई फोनवर म्हणाली, "मानूस बसलाय घरात, पन तुजा बाप न्हाय दिसत मना."

मी पनवेलहून निघाले ती थेट घरी.

बर्फवाल्याने दिवाळीला दिलेली एक डायरी पडून होती. ती पुढ्यात ठेवली. नाना म्हणाले, "बाय, दोरी आन."

शप्पथ सांगते, दोरीचं एक टोक मी धरलं, दुसरं आईने, आणि आम्ही त्या एवढ्याशा डायरीवर खडूची रेघ मारली. डायरी पांढरी, आम्ही पांढऱ्या.

नानांनी डाव्या हाताने 'आ' काढला. काना भलतीकडेच निघाला.

हात लगेच खांद्याकडे गेला. फडकं फिरवलं. पेनची शाई ती, कुठली पुसतेय. फरफटली फक्त.

पान फाडलं. दुसरं फाडलं. तिसरं. हा हा म्हणता डायरी निम्मी झाली.

आई आत भाकऱ्या थापत होती. पिठाच्या हातानेच बाहेर आली.

"आवो, होडीला रंगाचा पयला हात मारला की कसा दिसतो?"

"घान."

"मग बोटवाला वरडायला लागला की तुमी काय सांगायचे त्याला?"

नानांनी फाडलेलं पान चुरगळलं.

"सांगा की."

"पयला हात लाकूड पितं," नाना पुटपुटले. "त्याच्याकडं बगायचं नसतं."

"मंग? कागदाला पन पिऊ द्या की."

एवढं बोलून तिने त्यांच्या खांद्यावरचं फडकं ओढलं आणि सरळ चुलीत घातलं.

टर्पेंटाइनचं फडकं! चूल अशी भडकली की तव्यावरची भाकरी काळी ठिक्कर. आई ओरडतेय, मी पाणी शोधतेय, आणि नाना हसतायत. कितीतरी दिवसांनी हसले.

त्या संध्याकाळी डायरीचं पहिलं पान लिहिलं गेलं. अख्खं पान भरून, चढउतार करत, एवढंच:

"भाकरी करपली. हिचीच चूक."

मग रोज संध्याकाळी माझ्या व्हॉट्सॲपवर त्या दिवसाच्या पानाचा फोटो. कधी "पाऊस. गुडघा." कधी "बोंबील महाग. ही चिडली." एकदा नुसतंच "आज काय न्हाय."

आणि एकदा, "बायचा फोन. बिझी हाय बोलली. खोटं."

खोटंच होतं. मी मालिका बघत होते.

माझ्या कपाटात तीन सुंदर डायऱ्या होत्या, तिन्ही कोऱ्या. एक जानेवारीपासून सुरू करू, अक्षर सुधारलं की करू, लिहिण्यासारखं काहीतरी घडलं की करू.

नानांनी व्हिडिओ कॉलवर म्हटलं, "तुजी दाखव."

मी म्हटलं, "नाना, खराब होईल हो. फार छान आहे."

"मंग पूजा कर तिची," म्हणाले आणि फोन ठेवला.

त्या रात्री मी पहिलं पान खराब केलं. "नाना रागावले" असं लिहून. तेव्हापासून लिहितेय. खाडाखोड पुष्कळ, पण लिहितेय.

आणि नाना परत धक्क्यावर जायला लागले. डायरी काखेत. लाँचची वाट बघणारी माणसं विचारायची, "नाना, आज काय लिवलं?" आणि हे मोठ्याने वाचून दाखवायचे. स्वतःच लिहिलेलं स्वतःलाच लागायचं नाही, मग सगळ्यांनी मिळून वाचायचं.

लोक मला विचारतात, शेवटच्या पानावर काय होतं?

"भेंडी. परत."

दुसऱ्या दिवशी पहाटे झोपेतच गेले.

आज वर्ष झालं.

चुलत भावांचा फोन आला, नाक्यावर फ्लेक्स लावू, चांगला फोटो पाठव. आई म्हणाली, "ज्या फ्लेक्सनं त्यांचं काम खाल्लं त्याच्यावर त्यांचा फोटो? न्हाय."

तिने माझ्यासमोर एक फळी ठेवली, निळ्या रंगाचा डबा आणि नानांचा ब्रश. मी जन्मात कधी ब्रश धरलेला नव्हता. मी दोरी शोधायला उठले तर म्हणाली, "बस खाली. दोरी न्हाय मिळायची."

'भावपूर्ण' अर्ध्याहून जास्त फळी खाऊन बसलं. 'श्रद्धांजली' उताराला लागली, शेवटची 'ली' कशीबशी कोपऱ्यात कोंबली. रंग ओघळला.

आणि माझा हात आपोआप खांद्याकडे गेला. तिथे काहीच नव्हतं.

तेव्हा मात्र मला रडू आवरेना.

आईने फळी लांब धरून बघितली. पदराने माझं तोंड पुसलं, फळीला हात लावला नाही. म्हणाली, "राहू दे. पितंय लाकूड."

संध्याकाळी फळी धक्क्यावर लावून आले. लाँचवाल्यांनी वाचली. मिळून वाचली.

नाना, खूप आठवण येते.

या ना घरी, कधीतरी स्वप्नात. आज भेंडी नाही.