दार लावायचा सण

लेयाबाई गुहागरकरांच्या दारावर त्या दिवशी थाप मारायची नाही, हे रत्नागिरीतल्या त्यांच्या आळीत दूधवाल्यालाही ठाऊक आहे. पावसाळा सरता सरता त्यांचा किप्पूरचा उपास येतो. बेने इस्राएल, म्हणजे पिढ्यान् पिढ्या कोकणात मुरलेले मराठी ज्यू, त्याला दार लावायचा सण म्हणत आले. दार आतून बंद, पाण्याचा थेंब नाही, कुणाशी बोलणं नाही. दिवसभर फक्त देव आणि आपण.

आळी त्यांना सिस्टर म्हणते. सरकारी दवाखान्यात उभी हयात नर्स म्हणून काढलेली बाई. जीभ तिखट, हात हलका. दारुड्याची जखम शिव्या घालत धुणार आणि त्यानं आभार मानले की "आभार ठेव खिशात, बाटली टाक" म्हणणार. लेक रिना पाळण्यात असताना नवरा सॅम्सन नोकरीला म्हणून मुंबईला गेला आणि तिथे दुसरा संसार थाटून बसला. सिस्टरांनी रडगाणं गायलं नाही. मुलीला वाढवलं, शिकवलं, तिचं लग्न लावलं. जावई तिला इस्राएलला घेऊन गेला. "आई, तुम्हीही चला," म्हणाला, तर ह्या म्हणतात, "तिथे ओले काजू मिळतात का? मग मी इथेच बरी."

दहा पुरुष जमल्याशिवाय त्यांची सामुदायिक प्रार्थना होत नाही. आळीत दहा सोडा, एकही उरलेला नाही. म्हणून उपासाच्या दुपारी सिस्टर खिडकीशी बसून योना नबीची गोष्ट स्वतःच मोठ्यानं वाचतात. यंदा गोष्ट निम्म्यावर आली आणि दारावर थाप पडली.

"लेया, मी सॅम्सन."

सिस्टर जागच्या हलल्या नाहीत. खिडकीच्या फटीतून दिसला तो गालफडं बसलेला म्हातारा, हातात एक पिशवी. जांभ्याच्या पायरीवर, भर उन्हात बसला होता. पायरीवर दोडक्याचा मांडव होता, पण वेल नुकताच वाळून गेला होता.

शेजारच्या आनंदीबाई परसातून खिडकीशी आल्या. "अगो लेया, तुझा नवरा आलाय गो! मुंबईच्या मुलानं घराबाहेर काढलंन म्हणतो. दार उघड हो."

सणाला बोलायचं नसतं, पण सिस्टर तडकल्या. "आनंदीबाई, आज माझं देवाशी भांडण चाललंय. तुम्ही मध्ये पडू नका."

"निदान पाणी तरी देत्ये हो त्याला."

"नको वहिनी," पायरीवरून आवाज आला. "मलाही उपास आहे."

"आता आठवला उपास!" सिस्टरांचे कान तापले. रिना विषमज्वरानं फणफणली होती तेव्हा कुठे होता हा? त्यांनी रागारागानं पुढचं पान उलटलं.

गोष्ट त्यांना पाठ होती. निनवे नावाचं पापी शहर. तुमचा नाश होणार, हे त्यांना सांगायला देवानं योनाला धाडलं. तो आधी उलट्या दिशेनं पळाला, माशाच्या पोटात जाऊन आला, तेव्हा कुठे निरोप पोचवला. शहर पस्तावलं, देवानं शिक्षा रद्द केली, आणि योना भडकला. ह्यांना अद्दल नको घडायला? गेला आणि शहराबाहेर फुगून बसला. सिस्टरांना दरवर्षी योनाचंच पटायचं. देवाला काय होतंय माफ करायला? तो काही निनवेवाल्यांशी संसार करायला गेला नव्हता.

शेवटी देव योनाला विचारतो, इतकी अजाण माणसं, इतकी गुरंढोरं, त्यांची मला दया येऊ नये का? सिस्टरांनी पुस्तक मिटलं आणि छताकडे बघून ठणकावलं, "तुला येऊ दे दया. मला येत नाही. उपाशीपोटी खोटं बोलायची नाही मी."

देवाच्या त्या प्रश्नाला योनानं काय उत्तर दिलं, ते गोष्टीत नाहीच. त्याचा राग गेल्याचं कुठे लिहिलेलंच नाही, हे सिस्टरांच्या आजच ध्यानात आलं. देवानं त्याला हाकललं नव्हतं. तो रुसून बसला होता तेव्हाही त्याच्या डोक्यावर वेल वाढवून सावली धरली होती. म्हणजे कृपा नुसती निनवेवर नव्हती, ह्या तिरसटावरही होती. सिस्टरांना एकदम रडू फुटलं, आणि रडू फुटलं म्हणून आणखीच संताप आला.

चांदण्या दिसल्या, सण संपला. अडसर निघाला तसा सॅम्सन भिंतीला धरून उठला. त्यानं हात जोडले.

"माफ केलंस, लेया?"

"नाही. देवानं केलं असेल, तो त्याचा प्रश्न. मी त्याला तोंडावर सांगितलंय."

"मग दार..."

सिस्टरांनी त्याचं मनगट धरून नाडी पाहिली. फार जलद चालली होती. "राग जायची वाट बघत बसले, तर तुम्ही पायरीवरच मराल. आत या, पाणी प्या. दोघांचाही उपास सुटायचाय. आणि चपला बाहेर काढा, कालच लादी पुसलीय."