रेघेच्या वरचे ठिपके

टेप खिशातून काढला की सर तो हात आधी पाठीमागे न्यायचे आणि समोरच्याला म्हणायचे, "आधी अंदाज सांगा."

मग समोर सागाचं झाड असो, हळदीचं पोतं असो, नाहीतर भज्यांची कढई. हिंगोलीच्या बसस्टँडसमोरच्या हॉटेलात एकदा त्यांनी मालकालाच विचारलं, "या कढईचा घेर किती असल?" मालक घामाघूम होऊन भजी तळत होता. तो म्हणाला, "सर, तुमी खायला येऊन राहिले का मोजायला?" सरांनी स्वतःचा अंदाज सांगितला, कढई निवेपर्यंत तिथंच बसून राहिले, मोजली, आणि अंदाज सपशेल चुकला.

आता इथं तुमची गल्लत होऊ देऊ नका. असा माणूस म्हटला की त्याचा अंदाज गुंजभरही चुकत नसणार, असं आपल्याला वाटतं. सरांचा हमखास चुकायचा. पण चुकल्यावर त्यांचा चेहरा असा उजळायचा की विचारू नका. "चुकलो! किती चुकलो ते बघू." चुकणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, तुम्हीही पाहिली असतील. चुकून खूश होणारा हा एकच.

माझं बसस्टँडजवळ टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. सर जंगलावरच्या संशोधनाच्या एका प्रकल्पात होते. त्यांच्या ऑफिसातला कॉम्प्युटर वर्षाचे बाराही महिने आजारी, म्हणून त्यांचे आकडे माझ्या दुकानात यायचे. मला झाडांचं काडीचंही पडलेलं नव्हतं. उलट गिऱ्हाईक खोळंबलेलं असताना हे आकडे बघून डोकं फिरायचं. सर मात्र स्टुलावर बसून शांतपणे समजावून सांगायचे.

"आपल्या कोरड्या डोंगरावर साग किती वाढतो, हे कोणी धड सांगत न्हाई. पुस्तकातला तक्ता ओल्या मुलखाचा. तो इथं लावला की जंगल कागदावर भरघोस अन् डोंगरावर काटकुळं. अन् तोड ठरते कागदावरून. मंग डोंगर बोडका व्हायला किती वेळ? म्हणून आपल्या मुलखाचा तक्ता पायजे."

त्यासाठी त्यांनी जिल्ह्यात ठिकठिकाणी जंगलाचे चौकोन आखले होते. चौकोनातल्या प्रत्येक झाडाला छातीच्या उंचीवर पांढरा पट्टा, आणि दरवर्षी त्याच पट्ट्यावर टेप. ती मापं माझ्या पडद्यावर ठिपके होऊन यायची आणि सरांच्या समीकरणातून त्या ठिपक्यांमधून एक रेघ जायची. ती रेघ म्हणजे सरांचा जीव की प्राण. नियम एकच होता, चौकोनाला हात लावायचा नाही. "वाळलं तरी पाणी घालायचं न्हाई. कोणी तोडलं तरी रडायचं न्हाई. झाडाला आपण आलो हे कळता कामा नये."

झाडांना कळत नसेल, पण म्हशींना कळायचं. उंची मोजायची म्हणजे सर काठी हातात उभी धरून, एक डोळा मिटून मागे मागे सरकत जायचे. कळमनुरीकडे एकदा मी सोबत असताना असेच सरकत सरकत म्हशीच्या डबक्यात जाऊन बसले. मी हात द्यायला धावलो, तर चिखलातून ओरडले, "थांबा! माप बराबर आलंय, आधी लिहून घ्या!"

रेघेपासून लांब पडलेला ठिपका दिसला की दुसऱ्या कोणी तो गुपचूप पुसला असता. सर म्हणायचे, "हा रुसलाय. जाऊन भेटलं पायजे." आणि मोटारसायकलवर मागे मला बसवायचे. मी कुरकुरायचो आणि जायचो.

प्रकल्पाच्या शेवटच्या वर्षी आखाडा बाळापूरकडच्या एका वाडीचे सगळेच्या सगळे ठिपके रेघेच्या वर गेले, म्हणजे झाडं हिशेबापेक्षा जास्त वाढलेली. मी म्हणालो, "झकास, सर! पेढे आणा." सरांचा चेहरा उतरला. "इतकं भलं आपल्याकडं कसं होईल?" म्हणाले आणि उठलेच.

वाडीचा चौकोन हापशाच्या खालच्या अंगाला होता. जाऊन बघतो तर हापशापासून झाडांपर्यंत नीट पाट काढलेला, बुडाशी आळी, आळ्यांत शेणखत. एक म्हातारी खुरपं घेऊन बसली होती.

"माय, काय करून राहिल्या हे?" सरांनी विचारलं.

"तुमच्याच झाडाला पाणी, सायेब. तुमी दरसाली येता, टेप लावता, 'लई कमी वाढलं' म्हणता अन् जाता. आमी बायांनी इचार केला, सायबाला वरचे बोलत असतील. झाडं वाढली न्हाई तर नोकरीवर यायचं. मंग हापशाचं वाया जाणारं पाणी इकडं वळवलं. शेळ्या बी येऊ देत न्हाई आमी."

मला हसू आवरेना. सर हसले नाहीत. त्यांनी पट्ट्यावरून हात फिरवला, "झाडं लई नामी झाली, माय," म्हणाले, आणि तिच्या घरचा कोरा चहा पिऊन निघाले.

दुकानात आल्यावर माझ्याही ध्यानात आलं. नवा चौकोन आखून मापं घ्यायला वर्षं हवीत, आणि प्रकल्प तर संपत आला. हा चौकोन काढला की तक्ता लंगडा होणार, ठेवला की देखणा दिसणार.

"राहू द्या ना, सर," मी म्हणालो. "खोटं थोडंच आहे? झाडं खरंच वाढलीत."

"वाढलीत. पण डोंगरानं न्हाई वाढवली, बायांनी वाढवली. हर एक डोंगराला अशा बाया कुठून आणू?"

त्यांनी माझ्याच हातानं त्या वाडीचे ठिपके काढायला लावले. व्हायचं तेच झालं. नमुना अपुरा म्हणून वरून अहवाल परत आला आणि तक्ता काही मंजूर झाला नाही. उन्हापावसात घालवलेली सगळी वर्षं पाण्यात गेली, तीही हापशाच्या. मी भयंकर चिडलो. "त्या बायांना एकदा सांगा तरी, काय करून ठेवलं ते!" सर फक्त "बघू" म्हणाले. या भिडस्त माणसाच्यानं काही सांगणं व्हायचं नाही, हे मी तेव्हाच ओळखलं.

निवृत्त झाल्यावर ते शिरड शहापूरला आपल्या गावी राहायला गेले, तरी दरवर्षी टेप घेऊन त्या वाडीला जाऊन यायचे. म्हातारीचं मन राखायला हा खटाटोप, असं मी समजत होतो आणि त्याचाही मला राग यायचा. गेल्या हिवाळ्यात सर गेले. हृदयविकाराचं निमित्त झालं. मी दुकान बंद ठेवलं आणि आत बसून पोटभर रडलो. इतकी माया माझ्यात आहे, हे मलाच ठाऊक नव्हतं.

वाडीला निरोप कोण देणार, म्हणून मीच गेलो. म्हातारी पाटाशीच होती. ऐकून तिनं हातातलं खुरपं खाली ठेवलं. म्हणाली, "आता मोजायला कोन येनार?"

"मोजून तरी काय उपयोग होता, आजी?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"म्हाईत हाय मला," ती म्हणाली. "सायेब त्याच साली परत एकटेच आले व्हते. समद्या बायांना बसवलं अन् सांगितलं, पाण्यानं माझा हिशेब बिघडला म्हून. मेल्याहून मेल्यावानी झालं आमाला. मी म्हणलं, आत्ता मोडते हा पाट. तर माझा हात धरला. म्हणले, 'न्हाई, माय. हिशेबातून सुटली ही झाडं. आता पिऊ द्या त्यांना. मी येत जाईन, किती प्याली ते बघायला.'"

म्हातारीनं पदरानं डोळे पुसले, खुरपं उचललं आणि पाटात तुंबलेला पाला बाजूला ओढला. पाणी पुढच्या आळ्यात उतरू लागलं.