साडूंच्या खिडकीतले कामरगाव

सोपी गोष्ट अवघड करून ठेवायची आणि ती ज्याला जमली नाही त्यालाच अडाणी ठरवायचे, या कामात माझ्या थोरल्या साडूंचा हात धरील असा माणूस सबंध वाशीम जिल्ह्यात नाही. रिसोडला बस स्टँडवरून त्यांच्या घराकडे सरळ रस्ता जातो. साडू मात्र धान्यबाजाराला वळसा घालून घरी येतात, कारण सरळ रस्त्याने "कोनीबी येते". एका सरकारी कचेरीत त्यांची नोकरी झाली. तिथे संगणक आले तेव्हा ते नोंदी ठेवायचा डेटाबेस शिकले. निवृत्त होताना बाकीचे लोक शाल आणि नारळ घेऊन घरी येतात; हे तो डेटाबेस डोक्यात घेऊन आले, आणि आम्हा नातेवाइकांच्या डोक्यावर बसले.

घरच्या जुन्या, पिठाच्या गिरणीसारख्या घरघरणाऱ्या संगणकावर त्यांनी सगळ्या गोताच्या नोंदी मांडल्या. कागदपत्रे आणि फोटो मात्र त्यांच्या मुलाने इंटरनेटवरच्या फोल्डरांत चढवून दिले, म्हणजे कुणालाही आपापल्या फोनवर एका बोटाने उघडता यावेत. साडूंना ते पटले नाही. इंटरनेटवर जाऊन आपले फोल्डर उघडणे म्हणजे त्यांच्या लेखी भरल्या बाजारात आपलीच चप्पल शोधत हिंडणे. म्हणून त्यांनी एक अख्खा उन्हाळा खपून डेटाबेसच्या आतच एक खिडकी बसवली. इंटरनेटवरचे फोल्डर त्या खिडकीत येऊन उमटत. "आपून कायले जावं तिकडं?" ते मला म्हणाले, "त्यायलेच इकडं बलावलं." खिडकी पत्त्याच्या पानाएवढी होती. फोटोत चार माणसे असली तर एकाचा कान आणि दुसऱ्याची टोपी दिसे. उरलेले लोक सरकवून सरकवून आणावे लागत. शिवाय दर पावलाला एक चौकट उगवे, इंटरनेटच्या पानात काहीतरी चूक आहे असे सांगे आणि पुढे जायचे का म्हणून विचारी. "हो म्हना," साडू सांगत, "ते इचारतच राह्यते." जणू ओसरीवर बसलेले घरातले एखादे म्हातारे माणूसच ते.

नात झाली तेव्हाची गोष्ट. फोनवर आलेला तिचा फोटो अक्कांनी, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीने, धावत आणून यांच्या डोळ्यांपुढे धरला. यांनी मान फिरवली. "असा नोको दाखवू. आंधी फोल्डरात जाऊ दे." फोटो फोल्डरात गेला आणि वीज गेली. अख्ख्या गल्लीने नात पाहिली, पेढे खाल्ले; आजोबा बंद पडद्यासमोर हात जोडल्यासारखे बसून होते. वीज आल्यावर खिडकीत प्रथम पाऊल उमटले, तेव्हा ते समाधानाने म्हणाले, "पाय माह्यावर गेला." अक्का म्हणाल्या, "यायले पोई वाढली त आंधी त्या खिडकीतून पाह्यतीन, मंग खातीन."

नावाने शोधायची सोय त्यांनी मुद्दामच ठेवली नव्हती. आधी गाव निवडायचे, मग भावकी, मग घर. माणूस सगळ्यांत शेवटी. मी मालेगावच्या कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालेला माणूस. वर्णानुक्रम ही मनुष्यजातीची मोठी कमाई आहे, असे मी त्यांना परोपरीने समजावले. "सर, तुमचं बरोबर हाय," ते म्हणाले. "पन अनोळखी मानूस दारात आला त तुमी त्याले वर्णानुक्रम इचारता का गाव इचारता?" अशा माणसाशी वाद घालण्यापेक्षा मी त्यांच्या त्या कारखान्याकडे ढुंकूनही न पाहणे पसंत केले.

मग फाल्गुनात माझी पत्नी गेली.

तेरवीला चौकटीत लावायला फोटो हवा होता, आणि तिचा धड फोटो घरात नव्हता. आयुष्यभर ती फोटोच्या कडेला उभी राहिली किंवा वाढताना पाठमोरी आली. आधार कार्डावरचा तेवढा समोरून होता. तो पाहून मुलगी म्हणाली, "बाबा, हा लावला तर आई उठून काढून टाकील." शेवटी नाइलाजाने मी फोनवर साडूंचे फोल्डर उघडले. मालेगाव. आमची भावकी. आमचे घर. त्यात मी होतो, लग्न होऊन अकोल्याला गेलेली मुलगी होती, आणि विमा उतरवताना फोटो काढलेली आमची म्हैस होती. म्हैस फार सुंदर आली होती. जिने ते घर चालवले ती नव्हती.

मी तसाच रिसोडला गेलो आणि दारातूनच म्हणालो, "तुमच्या या शहाणपणात माझी बायको हरवली."

साडूंनी खुर्ची पुढे केली. "बसा सर. कोठी पाह्यलं?"

"माझ्या घरात. आणखी कुठे?"

"तिथं कशी भेटन? ते त कामरगाववाली."

खरेच होते. सून होऊन आली त्या दिवसापासून आमच्या आळीत तिला कुणी नावाने हाक मारली नव्हती. आमच्याकडे बाईला तिच्या माहेरच्या गावानेच ओळखतात. या माणसाने ती रीत जशीच्या तशी संगणकात घातली होती. गोतातली एकूण एक बाई आपापल्या माहेरी होती. माझी मुलगी मालेगावात का, हेही मला तेव्हा कळले.

त्यांनी कामरगाव निवडले. चौकटीने विचारले, त्यांनी हो म्हटले. भावकी. घर. तिच्या वडिलांच्या पेटीतले जुने फोटो साडूंनी कधीतरी एकेक करून स्कॅन केले होते. खिडकीत आधी एक कोपर आले. साडूंनी सरकवले; लाल रिबीन बांधलेली वेणी आली. मग चेहरा. जीपच्या पायरीवर उभी राहून, तोंडावर हात न घेता, सगळे दात दाखवून ती हसत होती. असे हसताना मी तिला पाहिले नव्हते.

मागून अक्का म्हणाल्या, "हा माह्या लग्नातला. तवा तुमी कोठी होते, भाऊजी?" आणि त्या पदर तोंडाला लावून आत गेल्या.

तेरवीला तोच लावला. मालेगावच्या बायका वाकून पाहत होत्या, "हे कोन वं?" म्हणत होत्या.

तो फोटो आता माझ्या फोनमध्येही आहे. साडूंना ते आवडलेले नाही. "त्याच्यात सगळं एकदमच दिसते," ते तुच्छतेने म्हणतात. मी अधूनमधून रविवारी रिसोडची बस धरतो, धान्यबाजाराच्या वळशाने त्यांच्याकडे जातो. संगणक तितकाच भिकार आहे, खिडकी पत्त्याच्या पानाएवढीच. साडू काही न विचारता खुर्ची सोडतात. मी कामरगाव निवडतो. चौकट उगवते, पुढे जायचे का विचारते. मी हो म्हणतो.

आधी कोपर येते.