शंभरटक्केबाईंचा नंबर

त्या पोलीस ठाण्यात तिला कुणी नावानं हाक मारत नसे. शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे तिला शंभरटक्केबाई म्हणत, आणि तिलाही ते आवडायचं. का आवडू नये? गुन्ह्यांची माहिती कॉम्प्युटरवर भरायचं काम राज्यभर शेकडो लोक करत होते. कुणाचे अर्धे रकाने रिकामे, कुणी आरोपीचं वय तीन वर्षं लिहिलेलं, एका महाभागानं तर चोराच्या जागी फिर्यादीलाच बसवलं होतं. हिचं तसं नव्हतं. दर महिन्याला वरच्या कार्यालयातून तक्ता यायचा, आणि त्यात या ठाण्यासमोर एकच आकडा असायचा, शंभर.

बाकी आयुष्यात तिचं काहीच शंभर टक्के झालं नव्हतं. टायपिंगच्या परीक्षेत पहिली आली, पण नोकरी मिळाली ती कंत्राटी. लग्न, काडीमोड आणि परत माहेर हे सगळं तिशीच्या आत उरकलं. वर्ष संपत आलं की साहेबांच्या टेबलासमोर उभं राहून मुदत वाढवून मागायची, हा तिचा नेम. घरी ती आणि बाबा, दोनच माणसं. बाबांनी आयुष्यभर पाणीपुरवठा खात्यात व्हॉल्व्ह फिरवले. शिस्त अंगात अशी मुरलेली, की निवृत्तीनंतरही झोपण्याआधी घरातला प्रत्येक नळ एकदा आवळून पाहायचे.

ठाण्यात तिला मिळालेली खोली म्हणजे पूर्वीची जप्त मालाची कोठी. भिंतीला अजून गंजक्या खिळ्यांच्या रांगा होत्या. खिडकी मात्र रस्त्याकडे उघडायची, आणि समोरच सायकलवाले काका आपल्या टपरीत ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत बसलेले दिसायचे. तिच्या जुनाट स्कूटरचं पंक्चर काढता काढता काका म्हणायचे, "ताई, आता हिला पेन्शन द्या!" माणूस तोंडाचा फटकळ, हाताचा प्रामाणिक. तीन-चार वर्षांपूर्वी त्यांचं एका गिऱ्हाइकाशी टायरवरून वाजलं, ढकलाढकलीत गिऱ्हाइकाचं मनगट मोडलं, काकांचा फोन फुटला आणि काकांवर केस झाली. जामीन मिळाला, कागद कोर्टात जाऊन पडले, आणि पुढं काही झालंच नाही. तेव्हा काकांचा फॉर्मही हिनंच भरला होता.

आता या शंभर टक्क्यांचं इंगित सांगायला हवं. फॉर्ममध्ये आरोपीच्या मोबाइल नंबरचा एक रकाना होता आणि त्याच्यापुढं लाल चांदणी. म्हणजे तो भरल्याशिवाय पुढचं पान उघडायचंच नाही. पकडून आणलेल्या माणसाकडे फोन असतोच, असं कुठल्या शहाण्यानं ठरवलं कोण जाणे! कुणाचा हरवलेला, कुणाचा झटापटीत फुटलेला, कुणाकडे जन्मात नव्हताच. रकाना रिकामा ठेवला तर कॉम्प्युटर अडून बसायचा, दहा शून्यं टाकली तर ‘नंबर चुकीचा’ म्हणून हाकलून द्यायचा. शेजारच्या ठाण्यातला ऑपरेटर मनाला येईल तो नंबर ठोकून मोकळा व्हायचा. हिला ते पटेना. परक्या माणसाच्या गळ्यात चोराचं लोढणं कशाला अडकवायचं? म्हणून तिनं आपल्या घरातलाच नंबर टाकला, बाबांचा. तो पाठ होता, खरा होता, आणि त्या काळी त्या रकान्याकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. पुढं बोटांना सवयच लागली. समोरचा "फोन नाही" म्हणाला की बोटं आपोआप बाबांचा नंबर मारायची.

मग राज्यानं मनावर घेतलं. पोलिसांची माहिती एकीकडे, कोर्टाची दुसरीकडे, तुरुंगाची तिसरीकडे, हा घोळ संपवून सगळं एकाच यंत्रणेत आणलं. कोर्टातली जुनी, धूळ खात पडलेली प्रकरणं बाहेर निघाली. समन्स घेऊन दारोदार फिरायचं काम गेलं. तारीख लागली की थेट आरोपीच्या फोनवर मेसेज. साहेब खुशीत म्हणाले, "सुंठीवाचून खोकला गेला!" शंभरटक्केबाईंनाही वाटलं, चला, आपण इतकी वर्षं भरलेल्या माहितीचं चीज झालं.

त्याच सुमारास बाबांचा फोन दिवसभर टिंगटिंग वाजायला लागला. ती घरी आली की बाबा अभिमानानं सांगायचे, "आज सात पुसले."

"शाब्बास, बाबा!" ती म्हणायची. "अनोळखी मेसेज उघडायचा नाही, वाचायचा नाही, सरळ पुसून टाकायचा. लोकांची बँकेतली खाती धुऊन नेतात हे चोर."

"कोर्टाच्या नावानं पाठवतात गं हल्ली. मी काय कोर्टाचं घोडं मारलंय?"

"तेच तर! घाबरवायची युक्ती आहे ती."

पोलीस ठाण्यात काम करणारी मुलगी सांगते म्हटल्यावर बाबांना आणखी काय हवं? नळ आवळावा तितक्या निष्ठेनं ते रोज मेसेज पुसत राहिले.

इकडे ठाण्यासमोरच्या टपरीचं शटर बंद झालं. आज उघडेल, उद्या उघडेल म्हणता म्हणता दोन महिने गेले. काका राहायला शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, त्यामुळे विचारायचं कुणाला? गेले असतील मुलीकडे, असं तिनं ठरवून टाकलं. एकदा स्कूटर ढकलत दूरच्या दुकानात न्यावी लागली तेव्हा ती चांगलीच चिडली. माणसानं निदान सांगून तरी जावं!

एक दिवस राज्याच्या कार्यालयातून मॅडम आल्या. तरुण, बोलायला साध्या, खांद्याला लॅपटॉपची बॅग. या ठाण्याचं काम नमुना म्हणून राज्यभर दाखवायचं ठरलं होतं. साहेबांनी नवा टेबलक्लॉथ घातला आणि शंभरटक्केबाईंना खास आपल्या शेजारची खुर्ची दिली. इतक्या वर्षांत त्या खोलीत ती पहिल्यांदाच बसली होती.

मॅडम म्हणाल्या, "नव्या यंत्रणेची गंमत दाखवते. वेगवेगळ्या गुन्ह्यांमध्ये एकच फोन नंबर आला, तर ती आपोआप सगळ्यांना जोडते. त्यातून टोळ्या सापडतात. तुमच्या हद्दीत एक फार मोठी टोळी सापडली आहे."

पडद्यावर मधोमध एक लाल ठिपका आला आणि त्याच्याभोवती दोनशेच्या वर बारके ठिपके. साहेब खुर्चीवरून अर्धे उठले. पाकीटमार, कोंबडीचोर, दारू पिऊन दिवे फोडणारे, नवऱ्याच्या डोक्यात पातेलं घालणारी बाई, सगळे म्हणे एकाच म्होरक्याच्या हाताखाली!

"माझ्या नाकाखाली!" साहेब गरजले. "आजच उचलू या. बाई, नंबरवरून पत्ता काढा."

तिनं नंबर वाचला. पहिले चार आकडे वाचले तेव्हाच तिच्या तोंडचं पाणी पळालं. बाकीचे सहा वाचायची गरज नव्हती, तरी तिनं ते वाचले, दोनदा.

"साहेब, पत्ता मला माहीत आहे," ती म्हणाली. "ते माझे बाबा आहेत."

मग तिनं अडखळत सगळं सांगितलं, लाल चांदणी, दहा शून्यं, सगळं. साहेबांना आधी कळेना, आणि कळलं तेव्हा ते पोट धरून हसत सुटले. दारातला शिपाईही हसला. व्हॉल्व्ह फिरवणारा म्हातारा, दोनशे गुन्हेगारांचा म्होरक्या! ती स्वतःही हसणार होती. पण मॅडम हसत नव्हत्या. त्यांनी दुसरं पान उघडलं होतं आणि त्यांचा चेहरा उतरला होता.

"ताई, हे बघा."

पडद्यावर नावांची लांब यादी होती. प्रत्येक नावापुढं कोर्टाची तारीख. त्यापुढं ‘मेसेज पाठवला’. त्यापुढं हिरवी खूण, ‘मेसेज पोहोचला’. त्यापुढं ‘आरोपी गैरहजर’. आणि बऱ्याच जणांपुढं आणखी एक शब्द, ‘वॉरंट’.

पोहोचला म्हणजे बाबांच्या फोनवर पोहोचला. टिंगटिंग करत रोज पोहोचला होता, आणि ती शाब्बास म्हणाली होती! ती यादी खाली खाली सरकवू लागली आणि एका फोटोपाशी तिचं बोट थांबलं. तीन-चार वर्षांपूर्वी तिनंच काढलेला फोटो. कपाळावर ग्रीसचा डाग तसाच. ‘दोनदा गैरहजर. मेसेज पोहोचूनही न आल्याने जामीन रद्द. सध्या तुरुंगात.’

"हे तर..." तिनं खिडकीकडे बोट केलं. रस्त्यापलीकडे टपरीचं शटर बंद होतं. काका मुलीकडे गेले नव्हते. दुसऱ्या टोकाच्या ठाण्यानं त्यांना पहाटे घरातून उचललं होतं, आणि या ठाण्यात कुणाला पत्ताही नव्हता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती ही. आणि दोर तिनं वळलेला.

आता साहेबांचंही हसू मावळलं. त्यांनी उठून दार लावून घेतलं. "हे बघा, झाकली मूठ सव्वा लाखाची. मॅडम, तो नंबर सगळीकडून पुसून टाकता येईल ना?"

"येईल," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "रकाने रिकामे होतील. तुमचे शंभर टक्के जातील, एवढंच."

"मग पुसा! बाईंची नोकरी वाचेल, माझीही इभ्रत राहील."

"पुसू नका!" ती इतक्या जोरात ओरडली की साहेब दचकले. साहेबांसमोर तिचा आवाज पहिल्यांदाच चढला होता. "नंबर गेला की कोण कोण माझ्यामुळे अडकलं ते शोधणार कशावरून? ही एवढीच खूण आहे त्यांची. मी लिहून देते. काय लिहायचं ते सांगा, मी सही करते."

"हात दाखवून अवलक्षण कराल, बाई. मुदत वाढणार नाही मग."

"नको वाढू दे."

संध्याकाळी घरी बाबा वाटच बघत होते. "आज चारच आले," ते म्हणाले, "पण तुला दाखवून पुसावे म्हणून ठेवलेत." तिनं फोन हातात घेतला. चारही कोर्टाचे होते. तिनं बाबांना समोर बसवून सगळं सांगितलं. बाबांनी तिच्या हातातून फोन घेतला. त्यांना तो टेबलावर ठेवायचाही धीर होईना.

"म्हणजे मी माणसं पुसत होतो का गं?"

तिला रडू फुटलं, ते बाबांना आवरावं लागलं.

दुसऱ्या दिवशी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून काकांसाठी तिच्याबरोबर कोर्टात गेले. साक्षीच्या पिंजऱ्यात फोन छातीशी धरून उभे राहिले. "मेसेज मला आले," त्यांनी सांगितलं. "या माणसाला एकही मिळाला नाही. मी पुसले. मुलीनं सांगितलं होतं म्हणून." त्यांना तिला बोल लावायचा नव्हता, त्यांनी फक्त झालं ते सांगितलं. पण बाकावर बसलेल्या तिला मान वर करवली नाही. न्यायाधीश बाईंनी चष्मा काढला, वकिलाकडे पाहिलं, परत बाबांकडे पाहिलं आणि यादीतली उरलेली नावं मागवली.

काका सुटले. यादीतले इतर एकेक करून सुटू लागले. तिला महिनाअखेरपर्यंत ठेवून घेतलं, ते नोंदी दुरुस्त करण्यापुरतं. तक्त्यात ठाणं एकदम तळाला गेलं आणि शंभरटक्केबाई म्हणायचं सगळ्यांनी बंद केलं.

टपरीचं शटर उघडलं त्या दिवशी ती रस्ता ओलांडून गेली. हातात दुरुस्तीचा फॉर्म. काका निम्मे झाले होते. रबर कडक झालेली एक ट्यूब ते उलटसुलट करून पाहत होते. तिनं सगळं सांगितलं. आपणच नंबर टाकला हेही सांगितलं आणि माफी मागितली. काकांनी वर पाहिलं नाही. त्यांच्याकडून शिव्या येतील म्हणून ती तयारीनं गेली होती. त्या आल्या असत्या तर बरं झालं असतं.

"काका, तुमचा खरा नंबर द्या. पुढची तारीख त्यावर येईल."

"फोन कुठाय?" काका म्हणाले. "मी आत असताना टपरीचं भाडं थकलं. पोरीनं विकला."

ती फॉर्मकडे बघत राहिली. मॅडमनी वर कळवलं होतं, पण लाल चांदणी अजून तिथंच होती. रकाना रिकामा ठेवून पुढचं पान उघडणार नव्हतं.

काकांनी ट्यूब पाण्यात बुडवली. बुडबुडे वर आले. तिथं बोट दाबून धरत ते पहिल्यांदा तिच्याकडे पाहून बोलले.

"तुमच्या वडलांचाच राहू द्या. फक्त त्यांना सांगा, पुसू नका म्हणावं."